घरातला सगळ्यात लहान कमावता

२०२५ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरत होता ना, 'नाळ २' मधली इवलीशी त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपतींकडून पुरस्कार घ्यायला जाते तो, तर आमच्या फॅमिली ग्रुपवर काका, माम्या, आत्या सगळ्यांनी तो आपापल्या परीने टाकला आणि खाली बदामांचा पाऊस, किती गोड, दृष्ट काढा गं कोणीतरी हिची वगैरे. आईने चष्मा लावून तो पूर्ण बघितला आणि मला विचारलं, "हिच्याबरोबर दिल्लीला कोण गेलं असेल? आणि घरी कोण राहिलं असेल?"

हा प्रश्न सगळ्यांना पडत नाही. ज्यांच्या घरातलं पोर कधीतरी कॅमेऱ्यापुढे उभं राहिलंय त्यांनाच पडतो. आमच्या घरातलं राहिलंय. माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला छोट्या म्हणतो (आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे तरी), आठ वर्षांचा असताना एका मराठी डेली सोपमध्ये लागला आणि जवळजवळ दोन वर्षं होता. सिरियलचं नाव, चॅनलचं नाव, त्याच्या पात्राचं नाव यातलं काही म्हणजे काही लिहायचं नाही या अटीवर त्याने मला परवानगी दिलीय. "बाकी काय खरडायचं ते खरड, मी वाचणार नाहीये" असंही म्हणाला, म्हणजे नक्की वाचणार.

आम्ही डोंबिवलीचे. बाबा एमआयडीसीत शिफ्टला, आई घरी ब्लाउज शिवायची, आजी, मी आणि छोट्या. नाटक-सिनेमाशी संबंध म्हणजे सावित्रीबाई फुले कलामंदिरात वर्षातून एखादं नाटक, ते पण पास मिळाले तर. छोट्या या लायनीत शिरला तो ट्यूबलाइटमुळे. मे महिन्यात दुपारी घरात क्रिकेट खेळून त्याने हॉलमधली ट्यूब फोडली, आई वैतागली आणि तिने त्याला जवळच्या नाट्यशिबिरात नेऊन बसवलं, की दुपारचे दोन तास तरी शांतता. शिबिरातल्या सरांनी कुणाला तरी फोटो पाठवला, मग ऑडिशनचे मेसेज यायला लागले, "मुलगा, वय ७ ते ९, मराठी स्पष्ट पाहिजे, खूप गोबरा नको". आमचा काडीच होता. तिसरीकडे की चौथीकडे त्याला घेतलं. २०१६ च्या पावसाळ्यात शूटिंग सुरू झालं, आणि मी तेव्हा दहावीत.

डेली सोप बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अर्ध्या तासाचा एपिसोड, किती वेळ लागतो. आठवड्याला सहा एपिसोड जातात टेलिकास्टला. जे शूट होऊन तयार पडलेले असतात त्याला बँक म्हणतात, आणि बँक जवळजवळ कधीच नसते, म्हणजे आज शूट केलेलं परवा टीव्हीवर. सीनचे कागद पुष्कळदा सेटवरच हातात पडतात. मग एखाद्या मोठ्या नटाला तारीख नसेल तर सगळं शेड्यूल उलटंपालटं होतं आणि ज्या पोराचा सीन सकाळी होणार असतो तो संध्याकाळी होतो. कायद्यात लहान मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही असं आहे, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांच्या वर नाही. हे नियम २०१७ मध्ये आले, छोट्याची सिरियल चालू असतानाच. पण कॅमेऱ्यापुढचे पाच तास वेगळे आणि सेटवरचे पाच तास वेगळे. सकाळी नऊचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, मेकअप करून पोर तयार, पहिला सीन दुपारी दीडला. मधल्या वेळात तो काय करत होता? बसला होता. बसण्याचे तास कोण मोजतं.

आणि त्याच्याबरोबर आई बसली होती. घोडबंदर रोडला एका बंगल्यात सेट होता, म्हणजे डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे रिक्षा, नंतर नंतर प्रॉडक्शनची गाडी यायला लागली, पण ती तिघाचौघांना गोळा करत फिरायची त्यामुळे वेळ तेवढाच. ब्लाउजचं मशीन काही सेटवर नेता येत नाही. मग आईने काय केलं, कापून-शिवून ठेवायची रात्री, आणि हुक, काज, हातशिलाई, साडीला फॉल हे सगळं पिशवीत भरून सेटवर न्यायची. मेकअप रूमच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काजं करत बसायची. हळूहळू हेअरड्रेसर बायका, मग ज्युनिअर आर्टिस्ट, मग चक्क सिरियलमधली खाष्ट सासूसुद्धा आईकडे ब्लाउज द्यायला लागली. तिला बाही कोपरापर्यंतच लागायची आणि पाठीला नॉट अजिबात नको असायची. पुढे कितीतरी एपिसोड मी ती सिरियल कथेसाठी नाही, आईने शिवलेले ब्लाउज ओळखायला बघितली आहे. टायटल्समध्ये कॉस्च्यूमच्या खाली आईचं नाव अर्थात नव्हतं.

घरी राहिलो आम्ही. आजी, मी, आणि शिफ्टप्रमाणे बाबा.

खरं सांगायचं तर प्रसिद्धीचा त्रास झाला का असं लोक विचारतात तेव्हा मला हसू येतं, कारण प्रसिद्धी ही दाराबाहेर उभी असते, तिला दार लावून घेता येतं. घरात जे शिरलं ते वेगळंच होतं. "उद्या त्याचा सातचा कॉल आहे" हे वाक्य शिरलं. या वाक्यापुढे कुणाचंच काही चालायचं नाही. टीव्ही बंद, कारण त्याचा सातचा कॉल आहे. हॉलमधला दिवा बंद, मग मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून भूमितीची प्रमेयं करायची. मामेभावाच्या मुंजीला एकट्या बाबांनी जायचं. भात मऊ करायचा कारण त्याचा घसा बसलाय आणि उद्या त्याला दोन पानांचा डायलॉग आहे. आमच्यासारख्या घरात कुणाचं ऐकायचं याची एक उतरंड असते, आजी, बाबा, आई, मग मी, आणि सगळ्यात खाली शेंडेफळ. ती उतरंड एका कॉल टाइमने उलटी करून ठेवली आणि गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता, तो गाढ झोपलेला असायचा.

मला राग यायचा का? यायचा. तो त्याच्यावर काढता यायचा नाही म्हणून जास्त यायचा. मोठी बहीण म्हणून धपाटा घालायचा माझा हक्क होता तो गेला, कारण गालावर वळ उठला तर कंटिन्युटीला प्रॉब्लेम, म्हणजे आधीच्या शॉटमधला आणि पुढच्या शॉटमधला चेहरा जुळणार नाही. हे मी विनोदाने सांगत नाहीये, आईने खरंच असं म्हटलं होतं, "मारायचं तर पाठीत मार."

कंटिन्युटीवरून आठवलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे दात पडतात, ही गोष्ट जगातल्या प्रत्येक आईबापाला माहीत असते, पण सिरियलवाल्यांच्या कधी लक्षात आली नव्हती बहुतेक. त्याचा वरचा दात एका रविवारी घरी पेरू खाताना पडला. सोमवारी सेटवर हाहाकार, कारण अर्धा सीन शनिवारी दातासकट शूट झालेला आणि उरलेला अर्धा बिनदाताचा. ईपीने, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरने, आईला विचारलं, "दात कसा काय पडला?" जसं काही आईने परवानगी न घेता पाडला. मग लेखकाला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी एक नवीन सीन आला, ज्यात तो जिन्यावरून पडतो आणि दात तुटतो आणि त्याला सासूने ढकललं असा सगळ्यांना संशय येतो. त्या एका दुधाच्या दातावर त्यांनी आठवडाभराचा ट्रॅक काढला. टीआरपी पण चांगला आला म्हणे.

फडके रोडची दिवाळी पहाट ज्यांनी बघितलीय त्यांना ती गर्दी सांगायला नको. अख्खं डोंबिवली नवे कपडे घालून गणपतीचं दर्शन घ्यायला आणि एकमेकांना बघायला त्या एका रस्त्यावर असतं. त्या वर्षी आम्ही नेहमीसारखे गेलो. आधी कोणीतरी एकीने ओळखलं, मग दुसरीने, मग एकदम चहूबाजूंनी "अगं तोच तो", मोबाइल वर, गालगुच्चे, एका बाईने तर त्याला उचलूनच घेतलं. तो आधी हसत होता. सेटवर शिकवलेलं हसू, मान थोडी तिरकी. मग त्याची एक चप्पल निघाली आणि ती शोधायला मी खाली वाकले तेवढ्यात एका काकांनी मला बाजूला केलं, "ए मुली, सरक ना जरा, फोटोत येतेयस." मी सरकले. नवा कुर्ता घालून, हातात भावाची एक चप्पल घेऊन. पुढे दोन वर्षं मी सगळीकडे छोट्याची ताई होते, म्हणजे छोट्याचीही नाही, त्या पात्राची ताई, ज्याला सिरियलमध्ये बहीणच नव्हती. दहावीचा निकाल लागला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर माझं अभिनंदन त्याच्या पात्राच्या नावाने केलं होतं. मार्क चांगले होते हो माझे.

गणपतीत तर विचारू नका. मंडळांची आमंत्रणं, हळदीकुंकवाला "बाळाला घेऊन या", नवीन दुकानाचं उद्घाटन. याला सुपारी म्हणतात, म्हणजे पैसे घेऊन हजर राहायचं. बाबांनी एक घेतली, एक ज्वेलर्सचं दुकान होतं, आणि तिथून परत आल्यावर छोट्याने विचारलं की मी तिथे काय काम केलं? बाबांना उत्तर देता येईना. त्यानंतर सुपारी बंद.

या सगळ्यात आजी मात्र ढिम्म. सिरियल रात्री लागायची त्याच वेळेला दुसऱ्या चॅनलवर आजीची वेगळी सिरियल असायची, आणि आजीने ती बदलली नाही. आई म्हणायची, अहो आई, नातू दिसतोय तुमचा. आजी म्हणायची, त्याला दिवसभर बघतेच की, (बघत नव्हती, तो दिवसभर घोडबंदरला असायचा) हिचं काय होतंय ते बघू दे. सेटवरून आला की आधी हातपाय धुवायचे, ताट आपलं आपण उचलायचं आणि सकाळी सुट्टी असेल तर दुधाच्या पिशव्या आणायला त्यानेच खाली जायचं. दूधवाला त्याच्याबरोबर सेल्फी काढायचा. आजी म्हणायची, काढू दे, पण पिशवी फुटकी नाही ना ते बघून आण. मला तेव्हा आजी कोरडी वाटायची.

आता जो प्रसंग सांगते तो आईने आम्हाला बऱ्याच वर्षांनी सांगितला. एक रडण्याचा सीन होता. ग्लिसरीन डोळ्यात घातलं की त्याचे डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे, क्लोजअपला खरं वाटायचं नाही. आई चहा आणायला गेली होती तेवढ्यात एकाने त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, तुझी आई तुला सोडून घरी गेली, आता तुला इथेच राहायचं. पोराने असा काही हंबरडा फोडला की सगळा सेट गप्प. कॅमेरा चालूच होता. टेक ओके झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई चहाचे कप घेऊन परत आली तर हा तिच्या कमरेला मिठी मारून सुटेचना. त्या रात्री त्याने आईच्या साडीचा पदर मनगटाला गुंडाळून झोप घेतली. आईने दुसऱ्या दिवशी सेटवर जाऊन सांगितलं की याच्या डोळ्यात पाणी ग्लिसरीनने येईल नाहीतर येणार नाही, आणि मी चहा आणायला जाणार नाही, चहा इथे आणून द्यायचा. तिला कायदा वगैरे काही माहीत नव्हता. मुलाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही हे पुढच्या वर्षी नियमांत छापून आलं, ती आधीच बोलून मोकळी झाली होती. तो एपिसोड खूप गाजला, अजूनही त्याची क्लिप कुठेतरी वर येते आणि लोक खाली लिहितात, काय नॅचरल अॅक्टिंग आहे. मी ती क्लिप कधी पूर्ण बघितलेली नाही.

नंतर कॉलेजात मी जुन्या बालकलाकारांबद्दल वाचायला लागले, म्हणजे अभ्यास वगैरे नाही, असंच, घरचा विषय म्हणून. तर या सगळ्याची सुरुवातच घरातून झालीय. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये रोहिदास झाला तो दादासाहेब फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. शूटिंगच्या वेळी तो खेळताना दगडावर पडला, डोक्याला लागलं, बेशुद्ध झाला, आणि रोहिदास मेल्याचा सीन करायचाच होता म्हणून फाळक्यांनी तो तशाच अवस्थेत चित्रित केला अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट लोक फाळक्यांची जिद्द म्हणून सांगतात. मला मात्र ती वाचताना सरस्वतीबाई दिसतात, म्हणजे त्या मुलाची आई, जी अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत होती आणि फिल्मला भोकं पाडण्यापर्यंतची कामं शिकली होती. पुढे मुलगी मंदाकिनी 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये बाळकृष्ण झाली. पडद्यावर कृष्ण आला की थिएटरात लोक हात जोडायचे, अशी वर्णनं आहेत. म्हणजे बाहेर माणसं नमस्कार करतायत आणि घरी कोणीतरी तिला दूध संपव म्हणून ओरडत असणार, असणारच, ओरडत नसेल तर तिचं काही खरं नाही.

पण फाळक्यांच्या घरात निदान बाप कमावता होता. नट-दिग्दर्शक मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले तेव्हा त्यांची मुलगी नंदा आठेक वर्षांची होती, आणि मग बेबी नंदा म्हणून ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली ती घर चालवायला. त्याच्या आधी पाच वर्षं, १९४२ मध्ये, मास्टर दीनानाथ गेले आणि तेराव्या वर्षात असलेली त्यांची मुलगी लता मंगेशकर याच विनायकरावांच्या कंपनीत लहानसहान भूमिका करायला लागली, 'पहिली मंगळागौर' त्यातलीच. तो मेकअप, ते दिवे, कुणीतरी सांगितलं की हस आणि सांगितलं की रड, हे आपल्याला कधी आवडलं नाही असं त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. मागे चार भावंडं होती, न आवडून सांगता कुणाला. घरात सगळ्यात मोठं मूल कमावतं झालं तर त्याला आपल्याकडे कौतुकाने कर्तं म्हणतात आणि विषय संपतो. सगळ्यात लहान झालं तर काय म्हणायचं हेच कुणाला कळत नाही.

आमच्याकडे उपासमार नव्हती. पण फ्लॅटचा हप्ता होता. त्यामुळे पैशाचं सांगते, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. टीव्हीत पैसे दिवसाच्या हिशोबाने ठरतात आणि हातात यायला नव्वद दिवस लागतात, म्हणजे जूनचं काम, सप्टेंबरात चेक, तोही टीडीएस कापून. छोट्याचं पॅन कार्ड काढावं लागलं. अल्पवयीन मुलाच्या पॅन कार्डवर फोटो नसतो, म्हणजे ज्याला रस्त्यात कुणीही ओळखत होतं त्याच्या एकमेव सरकारी कमाईच्या कागदावर चेहराच नाही, यावर बाबा खूप हसले होते. मुलाच्या नावावर ठेवलेल्या पैशाचं व्याज आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरतात, पण मुलाने स्वतःच्या कलेतून कमावलं तर ते त्याचंच उत्पन्न, त्याचा रिटर्न वेगळा भरायचा. त्यामुळे आमच्या घरात चौथीतला मुलगा रिटर्न भरत होता. सही बाबांची.

आणि तो २० टक्क्यांचा नियम. मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने एफडीत टाकायचे, ते त्याला अठराव्या वर्षानंतर मिळतात. अमेरिकेत हे फार आधी झालं. १९२१ च्या 'द किड' मधला जॅकी कूगन मोठा झाला आणि बघतो तर आई आणि सावत्र वडिलांनी सगळे पैसे संपवलेले, त्याने कोर्टात केस केली आणि त्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. आपल्याकडे यायला २०१७ उजाडलं. पण उरलेल्या ८० टक्क्यांचं काय करायचं ते कुठलाच नियम सांगत नाही, आणि आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण या ८० टक्क्यांचं आहे. बाबांचं म्हणणं, मुलाच्या पैशाला हात लावायचा नाही. आईचं म्हणणं, माझी शिवणाची गिऱ्हाइकं तुटली, तो खड्डा कशाने भरायचा? दोघंही बरोबर होते आणि भिंती पातळ होत्या. शेवटी काही हप्ते त्या पैशातून गेले, बाबांनी डायरीत लिहून ठेवले, तारखेसकट, छोट्याकडून उसने म्हणून. ती डायरी आहे अजून. नंतर बाबा सहा महिने त्याला रागावले नाहीत. अभ्यास केला नाही तरी नाही, खोटं बोलला तरी नाही. ज्याचे पैसे घेतले त्याला ओरडायचं कसं, असं त्यांना वाटत असणार, विचारलं तर कबूल करणार नाहीत. प्रसिद्धीने मुलं बिघडतात म्हणतात, मला तर वाटतं या अशा न रागावण्याने बिघडतात. आमच्याकडे रागवायला आजी शिल्लक होती म्हणून निभावलं.

मग लीप आला. सिरियल बघणाऱ्यांना लीप म्हणजे काय ते माहीत आहे, "पंधरा वर्षांनंतर" अशी पाटी येते आणि पोरं एकदम मोठी होतात. लहान पोरांचं काम त्या पाटीने संपतं. छोट्याला ते पॅकअपच्या वेळी कळलं, केक कापला, मेकअपदादांनी त्याला कंगवा भेट दिला, सगळे रडले आणि तो नाही रडला. दोन वर्षं केस कापू दिले नव्हते, ते त्याने दुसऱ्याच दिवशी जाऊन बारीक करून घेतले. मग काही दिवस आम्ही रात्री त्याच्या जागी आलेला दाढीवाला दादा बघितला. छोट्या म्हणाला, हा चालतो चुकीचा. मी तसा चालत नाही. आणि उठून आजीच्या सिरियलला जाऊन बसला.

शाळेने सुरुवातीला गेटवर त्याचा बॅनर लावला होता, त्याच शाळेने हजेरीवरून आईला दोनदा बोलावून घेतलं होतं, ते सगळं शांत झालं. ओळखणं हळूहळू कमी झालं. आवाज फुटला, मिसरूड आलं, बारा-तेराव्या वर्षी काही ऑडिशन दिल्या तर म्हणाले लहान मुलासाठी मोठा आहे आणि मोठ्यासाठी लहान आहे. या वयात सगळेच अडकतात वाटतं. 'श्यामची आई' मधले श्याम, माधव वझे, त्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, एवढं असून ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षा लिहिली. महेश कोठारे १९६३ च्या 'छोटा जवान' चे, मध्ये वकील होऊन आले आणि मग 'धूमधडाका' काढला. सचिन पिळगांवकरांचा 'हा माझा मार्ग एकला' पण १९६३ चाच, ते मात्र थांबलेच नाहीत, मधल्या वयातून तसेच पुढे हिरो झाले, असं फार थोड्यांना जमतं. मी छोट्याला हे सगळं सांगायला गेले, म्हटलं धीर देऊ. तो म्हणाला, ताई, मला कॉमर्सला जायचंय, तू का एवढी टेन्शन घेतेयस?

त्याला खरंच त्रास झाला नाही की तो सांगत नाही हे मला कळत नाही. फोटो काढताना अजून मान तिरकी होते त्याची, तेवढं एक आहे. गर्दीत गेला की चपलेचा पट्टा घट्ट करतो हे पण आहे. पण चारचौघांत कोणी "तू तोच ना" म्हटलं तर सरळ सांगतो, हो, लहानपणी होतो. लहानपणी म्हणजे जणू काय पन्नास वर्षांपूर्वी.

आई परत ब्लाउज शिवते, गिऱ्हाइकं हळूहळू जमली, त्यातली दोन सेटवरची आहेत. त्या सासूबाई अजून कोपरापर्यंत बाही मागतात.

या वर्षी तो अठराचा होतोय. एफडी मोकळी होणार म्हणून बाबांनी परवा रात्री जेवणानंतर फाइल काढली, डायरी पण काढली, उसन्याचा आकडा व्याजासकट लावून ठेवला होता त्यांनी. बाबांचं म्हणणं, सगळं पुढच्या शिक्षणाला ठेवायचं. छोट्याला सेकंडहँड बाइक घ्यायचीय, त्याने दोन गाड्या बघूनही ठेवल्यात. आजी म्हणाली सोनं घ्या, भाव काय झालाय बघता ना. मी म्हटलं फडके रोडला मी त्याची चप्पल धरून उभी होते त्याचे पण द्या काहीतरी. मग आई हात पुसत आतून आली आणि म्हणाली, आधी माझं बिल, घोडबंदरला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले त्या सगळ्या शिफ्टचं.

छोट्या म्हणाला, लावा की बिल. पेमेंट नव्वद दिवसांनी मिळेल, टीडीएस कापून.

बाइकचं अजून काही ठरलेलं नाही.